रस्ता न सोडता खेळलेला गेम

अण्णा, गेम कसा खेळावा यावरून आमच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं. तुमचा तोच गेम, ड्रॅगन, किल्ले आणि हवं तिथे भटकायला मोकळं रान. एक म्हणतो, सरळ ड्रॅगन गाठायचा, मारायचा, विषय संपला. एकीला एकही गुहा न धुंडाळता पुढे जाववत नाही. एक तर घर बांधून कोबी लावत बसलाय, लढाईबिढाई गेली उडत. मी हसत वाचत होते, आणि मध्येच तुमची आठवण आली. मग कसलं हसू आणि कसलं काय.

तुमच्यासारखं खेळणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. जन्मभर एसटी चालवलीत, रिटायर झालात, आणि माझ्या कम्प्युटरवर घोडा मिळाला तर तोही पूर्णगडची गाडी असल्यासारखाच हाकलात. डोंगरातून आडवं घुसता येतं हे शंभरदा सांगितलं, तुम्ही रस्ता सोडाल तर शपथ! वळणावर वेग कमी. समोरून घोडागाडी आली की बाजूला. कडेला कुणी उभं दिसलं की थांबायचंच. "उभी आहे बिचारी. विचार तरी, कुठे जायचंय." "अहो अण्णा, ती गेममधली बाई आहे, ती कुठेही जात नाही!" "म्हणून काय झालं?" आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आता तिला तिकीटही फाडून द्या!" आपण तिघं किती हसायचो हो.

मी मात्र शेवटाकडे पळणाऱ्यांतली. त्यात तुमचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी आईला नि मला बाजूला घेऊन किती दिवस उरलेत ते सांगितलं, ते आम्ही तुमच्यापासून लपवलं. आणि मला एकच वेड लागलं, अण्णांनी तो ड्रॅगन पडलेला बघायलाच हवा. केमोहून आलात की मी पाठीला उशी देते, माऊस हातात देते, म्हणते, चला, आज डोंगर चढू. तुम्ही नदीकाठी घोडा थांबवता आणि पाणी बघत बसता. एकदा माझा धीर सुटला. "अण्णा, अशानं कधी संपणार?" स्क्रीनवरून नजर न काढता तुम्ही म्हणालात, "संपायचं ते आपोआप संपतं गो. तू कशाला घाई करत्येस?" म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

तुम्ही गेल्यावर मी त्या गेमला हात लावला नव्हता. या भांडणानंतर लावला, तुम्ही सोडलात तिथूनच. काल ड्रॅगन मारला. संगीत वाजलं, नावं सरकली, वाटलं, झालं आता. तर नाही हो! गेमनं मला परत रस्त्यावर आणून सोडलं. लख्ख ऊन, घोडा तयार, फिर हवं तिथे. शेवट झाल्यावरही फिरता येतं, अण्णा. माझ्या तोंडून मोठ्यानं "अण्णा, बघा!" निघून गेलं. घरात कुणी नव्हतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा खरं सांगूनच टाकते. मी फिरले नाही, बंद केला. तसं रेंगाळत खेळायचा मला पहिल्यापासून कंटाळा. तुमच्या खुर्चीला खुर्ची लावून बसायला मिळायचं, म्हणून बसायचे.