चार सिलिंडरची मोठी गाडी

शनिवार संध्याकाळ, जुबैल, सौदी अरेबिया

आज पिकअप घेतली. गाडी मोठी, इंजिन लहान, चार सिलिंडरचं, पण हवा दाबून जोर वाढवणारं टर्बो. लायसन्स माझं, गाडी माझ्या नावावर, तरी सेल्समन सगळं माझ्या नवऱ्याला, प्रशांतलाच समजावत होता!

"मॅडम, इतनी बडी गाडी में आठ सिलिंडर ही चाहिए."

प्रशांतही हळूच म्हणाला, "अगं, तुझ्या प्लांटवर लोक हसतील."

"हसू देत. चालवणार मी आहे."

चालवून बघताना हट्टाने आमचे तंबू नि पाण्याचे कॅन मागे भरले होते. फ्लायओव्हरच्या चढावर पाय जरा दाबला, तर गाडी सुसाट वर! वाळवंटात जायला आणखी काय हवं? टर्बो किती वर्षं टिकेल? माहीत नाही, धाकधूक आहेच. पण चार सिलिंडर म्हणजे कमीपणा, हे मी ऐकून घेणार नाही.

निघताना सेल्समनला माझी दया आली. "पीछे से टर्बो का बॅज निकाल दूँ? किसी को पता नहीं चलेगा कि चार सिलिंडर है."

"हाथ मत लगाना," मी म्हणाले.

उद्या प्लांटच्या पार्किंगमध्ये गाडीची पाठ गेटकडे करूनच लावणार. येणाऱ्या प्रत्येकाने वाचावं.