शेजारणीला सांगितलेलं नाव

५ मार्च १९९५, हॅमिल्टन, मुलाच्या घरी
कुंपणापाशी शेजारची म्हातारी भेटली. नवीनच राहायला आलीय. डच, माझ्यासारखीच सत्तरीची. तिने नाव विचारलं आणि माझ्या तोंडून चटकन निघालं, "सुमन." बेचाळीसच्या चळवळीतलं माझं भूमिगत नाव! पत्रकं पोचवायचे तेव्हाचं. अनोळखी माणसाला खरं नाव सांगायचं नाही, ही सवय अजून जात नाही. ती म्हणाली, "मी ॲना." घरात आल्यावर या वत्सलाबाईंना हसू आवरेना.

१९ मार्च
रोज चारला चहा, कुंपणाच्या दोन बाजूंनी. इंग्रजी दोघींचंही मोडकं. मी चकल्या दिल्या, तिने परसातले फिजोआ, पेरूसारखी हिरवी फळं. नात म्हणते, "आजी, यू टॉक हीप्स!" म्हणजे ढीगभर. बोलणारच. मुलगा-सून दिवसभर हॉस्पिटलात. ॲनाशिवाय इथे माझं आहे कोण?

२ एप्रिल
ॲनाने आज सांगितलं. लढाईत जर्मन शिपायांच्या डोळ्यांत धूळ फेकून निरोप न्यायची, सायकलच्या नळीत लपवून. मग मीही. टोपलीत मेथीखाली पत्रकं, आणि पोलीस मेथीचा भाव विचारतोय! पोट धरून हसलो. किती वर्षांनी अशी मैत्रीण.
एक मात्र खुपतंय. सगळं खरं सांगितलं, नाव तेवढं खोटं.

२० एप्रिल
सून म्हणाली, "अहो आई, सांगून टाका ना. त्यात काय?"
त्यात काय, म्हणे. ॲनाला तेव्हा एका मैत्रिणीनेच पकडून दिलं होतं. खोटं नाव सांगणारी मी तिला कशी चालेन? आणि न सांगता पुण्याला निघून गेले, तर मलाच चैन पडायचं नाही. २९ला विमान.

२८ एप्रिल
सांगितलं. "मी सुमन नाही. वत्सला."
तिने कप खाली ठेवला. मग अशी हसली, की डोळ्यांत पाणी.
"इतक्या चटकन कुणी नाव सांगतं का? मी तेव्हाच ओळखलं, ही आपल्यातली. म्हणून मीही दिलं ठोकून. मी ॲना नाही."
"मग कोण?"
"परत ये. तेव्हा सांगते."
लबाड! फार फार आवडते मला ही बाई.
मुलाला म्हटलं, पुढच्या वर्षीच्या व्हिसाचं बघ. "तुला तर इथे करमत नव्हतं!" म्हटलं, काम राहिलंय थोडं.
बॅग भरली. चकल्यांचा सोऱ्या इथेच ठेवलाय.