पालथे अर्जुनराव आणि बाजेखालचा सुरज

कडा, शनिवार

तीर्थरूप धोंडीराममामांना उत्तरेश्वरचा दंडवत.

तुमचा गुडघा सरळ झाला असेल, मामीचा राग उतरला असेल आणि पाली गावच्या तुमच्या रानातला कांदा बरा आला असेल असं धरून चालतो. (फोनच केला असता, पण तुमी तो स्पीकरवर ठेवता आणि माझं प्रकरण अख्ख्या गल्लीला कळतं.)

मामा, आरोहीच्या वडिलांच्या, अर्जुनरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बीपीमुळं त्यांच्या डोळ्यातली शीर तुंबलेली. डॉक्टरनं डोळ्यात इंजेक्शनं सांगितलेली. ह्यांनी एक घेतलं आणि बरं वाटतंय म्हणून उसात जाऊन बसले. (बीपीची गोळी तर फक्त लग्नाला जाताना घ्यायचे.) तुंबलेल्या शिरेपायी आत नव्या कच्च्या शिरा फुटल्या, त्यांचं जाळं आकसलं आणि त्यानं डोळ्यामागचा पडदा ओढून जागेवरून सोडवला. हे मला कसं कळलं? आष्टीत चष्म्याचं दुकान टाकलेल्या त्या सुरजनं सांगितलं. म्हणजे मला न्हाई, आरोहीला सांगितलं. मी दारात उभा होतो. पण पडदा कसा सुटतो हे दाखवायला त्याला आरोहीचीच ओढणी कावून लागते? दुकानात फडकी न्हाईत का?

चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या अर्जुनरावांना त्यानंच "हे माझ्या हातचं न्हाई, आजच नगर गाठा" म्हणून गाडीत घातलं. आता त्या घरात डोळा वाचवला तो सुरजनं. ऑपरेशन केलेला डॉक्टर राहिला बाजूला. नगरला चला असं मीपण म्हणलो असतो. मला कुणी विचारलंच न्हाई.

नगरहून आले ते डोळ्यात गॅस भरून. तो फुगा पडद्याला दाबून धरतो, म्हणून दिवसरात्र पालथं पडायचं, तोंड जमिनीकडं. मी भेटायला गेलो आणि पुढचं नातं ध्यानात धरून पाय शिवले. आरोहीची आई, तुळजाकाकू, किंचाळल्या, "मेलाय का रे माणूस? आडव्या माणसाच्या पाया पडतोस?"

अर्जुनराव उशीतून म्हणले, "कोण हाय त्यो?"

सुरज म्हणला, "कोणी न्हाई काका, उत्तरेश्वर हाय."

कोणी न्हाई! मामा, तिथंच त्याचे दात पाडले असते, पण आरोही चहा घेऊन आली.

मग मी डोकं चालवलं. उशीत त्यांचा जीव गुदमरत होता. आमच्या घरची नवारीची बाज नेली आणि तोंडापुरती नवार कापून भोक पाडलं. अर्जुनरावांनी त्यात तोंड घातलं, मोकळा श्वास घेतला अन् म्हणले, "डोकं हाय पोरात." आरोही हसली. कॉलेज सोडल्यापासून इतकी इज्जत मला कुणी दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर सुरज बाजेखाली उताणा! वरच्या तोंडाला पेपर वाचून दाखवतोय, मधेमधे कारखान्याच्या निवडणुकीवर गप्पा, अन् आरोही वाकून त्याला खाली बिस्किटं देतीय. भोक मी पाडलं, मामा! मग मीपण खाली शिरलो, पण बाजेखाली दोन माणसं मावत न्हाईत. लाथाळीत बाज हलली अन् वरून आवाज आला, "माझा पडदा सुटला तर दोघांचे डोळे काढीन!"

बाकी इकडं सगळं खुशाल. मामीला नमस्कार.

तुमचाच,
उत्तरेश्वर

ता. क. खरं तर पत्र ह्यासाठी लिहिलं. नगरची पुढची तपासणी होईस्तोवर अर्जुनरावांना मान हलवायची सक्त मनाई हाय. तर तुमी त्याच्या आत येऊन आरोहीला मागणी घाला. नकार द्यायचा तर माणसाला मान हलवावी लागते. सुरजच्या घरच्यांना हे सुचायच्या आधी या.

आणखी ता. क. ही युक्ती आत्ताच त्यांच्या घरी जाऊन आरोहीला हळूच सांगितली. ती म्हणली, "मनाई अण्णांना हाय, मला न्हाई," आणि तिनं मान हलवली. नेमका त्याच वेळी मी, सुरज ऐकतोय का ते बघायला बाजेखाली वाकलो होतो, त्यामुळं उभी हलवली का आडवी ते बघायचं राहिलं. आल्यावर तेवढं आधी विचारून घ्या.