बियाण्याचे वडे

माय,

तुला जाऊन वर्ष झालं. काल तुझं श्राद्ध होतं आणि त्यात आम्ही जे करून बसलो, ते तुला सांगायची हिंमत तुझ्या लेकात, दिलीपमध्ये नाही. म्हणून मी लिहितेय. तू रागावू नकोस, माझ्या एकटीचाच राग या घराला पुरेसा आहे!

वडे फार सुंदर झाले होते गं. लाखोरीच्या डाळीचे, अगदी तुझ्या हातचे वाटावेत असे. पंगतीत सगळ्यांनी मागून मागून खाल्ले. मी स्वतः चार खाल्ले. मग हात धुताना डोक्यात आलं, आता लाखोरी आली कुठून? दुकानात तर नावाला मिळत नाही.

तुझ्या सुनेला, वहिनीला विचारलं. बिचारी कौतुकाची वाट बघत म्हणाली, "दुकानकी दाल मांजीले पसंद नव्हती ना ताई? म्हणून कोठीतल्या मडक्यातली काढली. राख लागली होती, चांगली धुऊन भरडली."

राख लागली होती! माय, तुझं बियाणं खाल्लं आम्ही. शेवटचं.

वहिनीवर कसं चिडू? ती गोंदिया शहरातली. कीड लागू नये म्हणून बियाण्याला राख चोळतात, हे तिला कोण सांगणार? तू का नाही सांगितलंस? सगळ्यांना ठाऊकच असतं, असं धरून चालायचीस तू. आता कोणालाच काही ठाऊक नसतं गं!

दिलीपवर मात्र बरसले. कापणीच्या आधी बांधीतल्या उभ्या धानात, पायाखाली चिखल असतानाच तू लाखोरी फेकायचीस. धान निघालं की खाली हिरवंगार. यानं गेल्या साली मूठभरही फेकली नाही. काऊन नाही फेकली, म्हटलं.

"ताई, लाखोरीले ओल पायजे अन् हार्वेस्टरले कोरडी बांधी. त्याच्या चाकाखाली काय उरते? कापाले माणूस भेटत नाही. कायले भांडून राहिली? दुकानात डाळ भेटते ना!"

भेटते ना. सडक अर्जुनीच्या दुकानात मी पोत्यांवरची, डब्यांवरची नावं वाचत उभी राहिले. वाटाणा कॅनडाचा, तूर आफ्रिकेतली, तेल मलेशियाचं. आणि आपल्या बांधीतलं धान? ते मिलमध्ये उकडून आफ्रिकेला जातं म्हणे! त्यांनी आपला भात खायचा, आपण त्यांचं वरण. मधे एवढा समुद्र कशाला घातला मग?

दुकानदाराला लाखोरीचं बी मागितलं तर हसला. "मावशी, काजू घ्या, बदाम घ्या. लाखोरी कोन खाते आता?" अख्ख्या जगाचा माल त्याच्याकडे, आणि बांधापलीकडची एक मूठ नाही. रडूच आलं मला, भर दुकानात.

खरं सांगू? मीही सासरी देवरीला त्याच वाटाण्याचं पीठ वापरते. मळायला सोपं, तळायला सोपं. पण तुझं बी कोठीत आहे, एवढ्यावर मी निवांत होते. मडक्यातलं बीसुद्धा दर साल मातीत जावं लागतं, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

आज सकाळी चिचगडला गेले. तिथे माझ्या नणंदेच्या सासूकडे थोडी लाखोरी निघाली. पदरात ओतताना म्हणाली, "खाशील नको वं बाई. पेरजो."

घरी येऊन दिलीपला म्हटलं, तळ्याखालची एक बांधी मला दे. हार्वेस्टर तिथे शिरणार नाही. ती मी विळ्यानं कापीन, सोबत कोणी येवो न येवो. तो म्हणाला, "तुह्या वहिनीले घेऊन जाजो. तिले बी दाखव, कशी फेकतेत ते." संध्याकाळी आम्ही दोघींनी फेकली. तिची मूठ अजून नीट सुटत नाही, एकाच जागी ढीग पडतो. शिकेल.

तर माय, वचन देते. जे उगवेल त्यातला एक दाणाही जात्यात जाणार नाही. राख चोळून सगळं मडक्यात. पुढच्या श्राद्धाला तुला दुकानातल्या वाटाण्याचेच वडे मिळतील. नाक मुरड, रागाव, वाटलं तर उपाशी जा. पण बियाणं मी तुलासुद्धा खाऊ देणार नाही.

तुझीच हट्टी लेक,
सुमन