अमावास्येचे तेल

श्री.

धाकटे बंधू चि. हिंदुराव यास अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती कशी आहे? कारखान्याच्या पहिल्या पाळीला पहाटे उठावे लागते असे कळले. डोक्याला गार वारा लागू देऊ नकोस, लहानपणापासून तुझे कान दुखतात. तुझी कारभारीण चि. सौ. दुर्गाबाई हिचा खोकला कमी झाला का? अडुळशाचा काढा करून मध घालून द्यावा. तिला साखर घालून देऊ नकोस, ती साखरेला हो म्हणते आणि मग रात्रभर खोकते. तुमची लेक चि. सौ. छबूबाई काळेवाडीला सासरी सुखात आहे ना? तिला दिवस गेल्याचे ऐकले. मुलगा होवो वा मुलगी, बाळंतविड्याची बाजरी आपल्याच गिरणीत दळलेली जावी अशी इच्छा होती, ती आता कशी अडली आहे ते पुढे लिहितो.

माझे विचारशील तर पायांना सूज आहे आणि उजव्या हाताची पकड गेली आहे. लेखणी धरता येते, पाना धरता येत नाही. मृत्युपत्राच्या आरंभी कोणी खुशाली विचारत नाही, असे चाकणचे वकील म्हणाले. म्हणोत बापडे. कागद कोणाला तरी उद्देशून लिहिला की आधी त्याची खुशाली विचारावी, एवढेच मला ठाऊक.

तर मी, आबाजी राणोजी महाळुंगकर, वय अदमासे अडुसष्ट, धंदा पिठाची गिरणी, राहणार मौजे महाळुंगे, तालुका खेड, जिल्हा पुणे, आज भादव्याच्या पोळ्याच्या दिवशी हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके जागेवर आहे. कोणी धाक घातलेला नाही, घालायला घरात दुसरे माणूसही नाही. सौभाग्यवती शालनबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. पोटी मूल नाही. पूर्वी काही लिहून ठेवलेले नाही, म्हणून रद्द करण्याजोगेही काही नाही.

कलम पहिले, घर. गावातले तीन खणांचे घर चि. सौ. छबूबाईला द्यावे. ती चालायला लागली ती याच घराच्या ओट्यावर, आणि गिरणीत आली की पिठाच्या पोत्यावर झोपून जायची. उठली की भुवया पांढऱ्या. शालन म्हणायची, "आली बघा म्हातारी." घराच्या चौकटींना वाळवी नाही, कारण दर महिन्याला इंजिनातून निघालेले जुने तेल मी लाकडाला फासत आलो. हे तिने पुढेही करावे. चौकट काळी दिसते म्हणून नाक मुरडू नये.

कलम दुसरे, पोस्टातली शिल्लक. त्यातून माझे दिवसकार्य उरकावे. उरेल ते सोजराबाईला द्यावे. ही आमची शेजारीण. शालन गेल्यापासून रोज एक भाकरी फडक्यात बांधून आणते, आणि उपकार वाटू नयेत म्हणून दारातूनच ओरडते, "आबा, जास्तीची झाली हो, कुत्र्याला घालणार व्हते!" तीन वर्षे तिची रोज एकच भाकरी जास्तीची होते. तिचे दळण ती जिवंत असेपर्यंत फुकट दळावे. पैसे देऊ लागली तर तिला सांगावे, की इंजिन चालूच होते, कुत्र्यासाठीच दळत होतो.

कलम तिसरे, हत्यारे. हातोडे, कानशी, पकडी, रॉकेलची किटली, नरसाळे आणि गाळायची फडकी, सगळे इंजिनाबरोबर राहावे. हत्याराची आणि यंत्राची ताटातूट करू नये. दाराजवळच्या खुंटीवर एक पाना टांगलेला आहे. तो या मृत्युपत्रात धरू नये, कारण तो माझ्या मालकीचा नाही.

कलम चौथे, इंजिन. खरा कागद याच्यासाठी आहे.

हे इंजिन हिंदुरावाला द्यावे असे मी लिहितो. पण नुसते द्यावे म्हणून भागत नाही. बैल विकतानासुद्धा आपण सांगतो, की डाव्या अंगाला जुंपा, पाण्याला बुजतो. म्हणून याची सवय लिहून ठेवतो.

तेल दर अमावास्येला बदलावे. कंपनीच्या चोपड्यात अमुक इतके तास चालल्यावर बदला असे छापले आहे. इथे तास मोजणार कोण? बैल सोमवारी आणि अमावास्येला जुंपत नाहीत, मोडा पाळतात, तसा मी इंजिनाचाही पाळला. त्या दिवशी गिरणी बंद आणि तेल बदल. छापील तासांशीही ते बरोबर जुळते, हे मला मागाहून एका मिस्त्रीने हिशेब करून सांगितले. लगीनसराईत आणि दिवाळीच्या आधी गिरणी दिवसभर चालते, तेव्हा पुनवेलाही बदलावे. आधी थोडे चालवून तेल कोमट होऊ द्यावे, मग तळाचा नट सोडावा. गार तेल थिजलेल्या तुपासारखे बसून राहते आणि घाण पोटातच ठेवते. तेलाचा थेंब अंगठा आणि बोटात चोळून पाहावा. कचकच लागली तर पुढच्या अमावास्येची वाट पाहू नये. थंडीत पातळ तेल, उन्हाळ्यात जाड. बाजारात उघड्या डब्यातून मापाने मिळते ते स्वस्त तेल घेऊ नये, त्यात काय मिसळले आहे ते विकणाऱ्याच्या देवालाही ठाऊक नसते.

गाळण्या तीन. तेलाची गाळणी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची आहे, ती कंपनीचीच घ्यावी. दोनदा रॉकेलमध्ये धुऊन वापरता येते, तिसऱ्यांदा फेकावी, जीव अडकवू नये. डिझेल ओतताना नरसाळ्यात फडके धरायचे ते जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले. नव्या कापडाचे तंतू सुटतात. सध्याचे फडके शालनच्या निळ्या लुगड्याचे आहे, अजून पुष्कळ दिवस जाईल. तिसरी हवेची गाळणी. शेतावरच्या इंजिनाला ती महिन्याने साफ केली तरी चालते, गिरणीत चालत नाही. इथे हवेतच पीठ आहे. ती दर आठवड्याला उघडावी, नाहीतर इंजिन दम्याच्या माणसासारखे धापा टाकते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात, तशी इंजिनाच्या मोठ्या चाकालाही हळद लावावी. पण तेलाच्या तोंडात काही ओतू नये. हे लिहायचे कारण, इंजिन आणले त्या वर्षी शालनने मायेने वाटीभर तूप आत ओतले होते. "बैल खातो, यानं काय घोडं मारलंय?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी धुराड्यातून असा वास सुटला की आळीतली माणसे पुरणपोळी कुठे आहे विचारत आली. मी सगळे तेल काढून टाकले. ती पुढे प्रत्येक पोळ्याला वाटी घेऊन यायची, मला दाखवून नुसती हसायची, आणि चाकालाच लावायची. काल मी एकट्याने लावली. वाटी दाखवायला कोणी नव्हते.

कलम पाचवे, भांडण. हिंदुराव, हे तुझ्यासाठी आहे, पण साक्षीदारांनाही समजावे म्हणून सगळे लिहितो.

चार वर्षांमागे लगीनसराईत मी शालनला घेऊन तिच्या माहेरी गेलो. गिरणी धाकट्या भावावर, म्हणजे हिंदुरावावर सोपवली. मधे अमावास्या आली. त्याने तेल बदलले नाही, वर थोडे नवे ओतले. मी परत आलो तर आतून ठकठक ऐकू येत होती. दळणाला बायकांची रांग. हा मोठ्या अभिमानाने तेल मोजायची काडी काढून दाखवतो, "दादा, तेल बघा कसं झालंय, गाडीच्या चाकाच्या वंगणावाणी. आता कुठं मुरलंय!" बैलगाडीचे वंगण काळेच असते आणि जितके काळे तितके चांगले, हे तो लहानपणापासून बघत आलेला. त्याला वाटले इंजिनाचेही तसेच. मी म्हणालो, "लोणचं घातलंयस का रे इंजिनात? अरे, चाकाचं वंगण काळं घालतात, इंजिनाचं तेल काळं झालं की मेलं!" बायका हसल्या. संध्याकाळपर्यंत बेअरिंग वितळले आणि इंजिन बसले.

त्या रात्री त्याने ट्रंक भरली. जाताना दारात पाना खुंटीला अडकवला आणि म्हणाला, "तुम्हाला भावापेक्षा तेल मोठं." आणि पिंपरीला गेला. शालनच्या दहाव्याला आला, लांब उभा राहिला, पानावर न बसता गेला. त्यानंतर एक शब्द नाही.

हिंदुराव, तू म्हणालास त्याचे उत्तर द्यायचे राहून गेले. आता देतो. मी बोललो ते शब्द मागे घेत नाही, ते खरेच होते. पण तुला बोललो, कारण मला वाटले भाऊ रागावला तरी चार दिवसांनी माघारी येतो, बेअरिंग गेले की गेले. झाले उलटे. बेअरिंग महिन्याभरात नवे बसले.

आता इंजिन तुलाच का, ते लिहितो. आपल्या गावचा चिमाजी कारखान्याच्या चाळीत भाजी विकायला जातो, त्याने सांगितले. तू आता तिथे यंत्रांना तेल घालायच्या आणि बदलायच्या कामावर आहेस. तुझा कोणी जोडीदार म्हणाला, की अजून एक आठवडा चालेल की हे तेल. तेव्हा तू त्याला म्हणालास, "तेल काळं झालं की मेलं, राव." चिमाजीने हे भाजीच्या पाट्या उतरवता उतरवता सहज सांगितले. मी त्याला दोनदा सांगायला लावले. तो म्हणाला, "आबा, ऐकू कमी येतं व्हय?" मी हो म्हणालो.

कलम सहावे आणि शेवटचे. आज सोमवार आणि अमावास्या दोन्ही एकत्र, दुहेरी मोडा. सकाळी इंजिन थोडे चालवून तेल कोमट केले, पातेले खाली सरकवले, पाना लावला. नट हलला नाही. दोन्ही हातांनी जोर केला, तरी नाही. शेजारचे सोपानराव बैल धुवायला निघाले होते, ते आत आले. म्हणाले, "सरका आबा, मी काढतो." मी नको म्हणालो.

"एक नट सोडवायला भाऊच लागतो व्हय?"

मी म्हणालो, "हो. लागतो."

 ते थोडा वेळ माझ्याजवळ बसले आणि बैलांकडे गेले.

तेव्हापासून इंजिन बंद आहे. काळ्या तेलावर मी ते चालवणार नाही. उद्या बायका दळण घेऊन येतील आणि तशाच माघारी फिरून दळायला चाकणला चालत जातील. चार दिवसांत आळीत जात्यांचे आवाज सुरू होतील. मला तो आवाज वाईट वाटत नाही, पण गिरणीची टुकटुक थांबली की या घरात फक्त माझा श्वास ऐकू येतो, आणि तोही आता काही फार चांगला चालत नाही.

पुण्याचा एक मोडवाला दोनदा येऊन गेला आहे. म्हणतो, विजेचे खांब येणार, मग या धुडाला कोण विचारतो? मी त्याला दिवाळीच्या अमावास्येपर्यंत थांब म्हटले आहे. तोवर हिंदुरावाने इंजिन पत्करले, तर ते कलम चौथ्याप्रमाणे त्याचे. नाही पत्करले, तर ते मोडीत घालावे. दुसऱ्या कोणाला देऊ नये. चुकीच्या हातात काळे तेल पीत रडत चालण्यापेक्षा वितळलेले बरे.

माझ्या दिवसकार्याबद्दल एकच सांगणे. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही, तर घाटावर उन्हात उभे राहून मला नाना आश्वासने देत बसू नका. घर सांभाळू, गाय सांभाळू, असले काही नको. हिंदुरावाने पुढे होऊन एवढेच म्हणावे, "दादा, तेल बदललं." कावळा लगेच शिवेल.

पण हिंदुराव, त्यासाठी कावळ्याची वाट कशाला बघायची? अजून मी आहे. तू येऊन माझ्यासमोर म्हण.

हे लिहिलेले मी दोनदा वाचले, ते मला मान्य आहे, म्हणून साक्षीदारांसमक्ष सही करतो.

आबाजी राणोजी महाळुंगकर

साक्षीदार:
१. सोपानराव, शेजारी, राहणार महाळुंगे. सही स्वहस्ते.
२. सोजराबाई, शेजारीण, राहणार महाळुंगे. डाव्या हाताचा अंगठा. (अंगठ्याची शाई नव्हती म्हणून इंजिनाच्या काडीवरचे तेल लावून उठवला आहे. काळा आहे, चांगला उमटला.)

मुक्काम महाळुंगे, भाद्रपद अमावास्या, शके १८७९, सोमवार, तारीख २३ सप्टेंबर १९५७.

ता. क. या कागदाची नक्कल चिमाजीबरोबर भाजीच्या पाटीतून पाठवत आहे, ओली झाली असल्यास वाळवून वाचावी. येशील तेव्हा कारखान्यातून पाना मागून आणू नकोस. तुझा पाना तू अडकवलास त्याच खुंटीवर आहे, मी दर अमावास्येला पुसून ठेवतो. पातेले नटाखालून काढलेले नाही. कार्ड टाक, दोन ओळींचे का होईना, पण लवकर टाक.