दुमडणारी रायफल

सोलापूर, ६ ऑक्टोबर २०२५

चि. इंद्रजीत यास महिपतीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

प्रथम तक्रार, आणि ती गंभीर आहे. अंगावर घ्यायला पाठवलेली सोलापुरी चादर तू खंडेनवमीला रायफलीखाली अंथरलीस! फोटोत ती बया झेंडू माळून पाटावर पहुडली आहे. तुझी वहिनी विचारते, भाऊजींच्या रायफलीला थंडी वाजते का. आम्ही इथं कोयता, अडकित्ता आणि माझी स्कूटर पुजली. दुमडावं कुणालाच लागलं नाही. पाटावर मावावी म्हणून रायफलीच्या दस्त्याला बिजागरी बसवणारा भक्त पुराणांतही आढळत नाही.

डिसेंबरात टेक्सास सोडून कॅलिफोर्नियात जाणार म्हणतोस. तिथं ही दुमडती चालते का, विचारलंस?

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
दादा

ऑस्टिन, २२ ऑक्टोबर

ती. दादांस इंद्रजीतचा सा. नमस्कार.

पाडव्याच्या शुभेच्छा. चादर धुतली, वहिनींना सांगा.

विचारलं मी. टेक्सासात बिजागरीला कुणी हरकत घेत नाही, वाटेतल्या दोन राज्यांतही नाही. कॅलिफोर्नियात मात्र माझ्या जातीच्या रायफलीला तिच्यामुळेच बंदी. पण बिजागरी काढली तर रायफल गाडीतल्या कुलपाच्या पेटीत मावत नाही, आणि आरोहीसारखी लहान लेक गाडीत असताना मी ती बाहेर ठेवणार नाही. म्हणून तिथं पोचल्यावर काढीन म्हणतो. गाडी कोण तपासतंय? तुम्ही लई विचार करता.

माया पातळ होऊ देऊ नका.
इंद्रजीत

सोलापूर, ९ नोव्हेंबर

चि. इंद्रजीत यास आशीर्वाद, वि. वि.

अरे शहाण्या, पोचल्यावर काढीन म्हणजे नदी ओलांडल्यावर होडीत बसीन! सीमेवरच गुन्हा झाला की. तीच बिजागरी तीन राज्यांत निर्दोष आणि चौथ्यात पातकी, असला पदार्थ आमच्या तर्कशास्त्राला ठाऊक नाही. पण तिथला न्यायाधीश काही माझ्याकडे तर्कशास्त्र शिकायला येणार नाही.

शेजारचे गुरुबसप्पा निवडणूक लागली म्हणून काल आपली परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करून आले. तुझा बेत ऐकून म्हणाले की मास्तर, भाऊ तुमचा शिकलाय लई, पण बंदुकीच्या आधी कायदा घरात घ्यावा लागतो की.  

विकून टाक ती तिथंच. पुढच्या खंडेनवमीला लॅपटॉप पूज. तोही दुमडतो, आणि सगळ्या राज्यांत चालतो.

लोभ आहेच, तो मात्र विकू नकोस.
दादा

ता. क. खरं सांगतो. आरोहीची आई गेल्यापासून त्या पोरीला तिथं तुझ्याशिवाय कुणी नाही. रस्त्यात तुला धरून नेलं, तर ती मागच्या सीटवर एकटी राहील. माझ्याकडे तर पासपोर्टसुद्धा नाही. मला याचीच भीती वाटते.