छतावरची चाळीस फुलं

रविवार, ३ मे
आजपासून ही वही. चाळिशीत माणसानं ऑफिसबाहेरही थोडं जगलं पाहिजे. संकल्प: दर रविवारी दुपारचा शो, आणि तोही डागडुजी करून नुकत्याच उघडलेल्या जुन्या थिएटरात. मखमली पडदा, पितळी कठडे, छतावर प्लास्टरची चाळीस फुलं, एकेक घमेल्याएवढं. छत सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र आमच्या खात्यातर्फे मीच दिलं, म्हणून मॅनेजरनी फुकट पास देऊ केला. नाकारला. तत्त्व म्हणजे तत्त्व. सिनेमा उत्तम. शेवट आठवत नाही. वर बघत होतो.

रविवार, १० मे
पुन्हा एफ रांग, चौदा नंबर. तिथून पडदा चांगला दिसतो. घरी आल्यावर बायको म्हणाली, खांद्यावर कोंडा पडलाय. वय. शाम्पू बदलायचा.

बुधवार, १३ मे
या वहीत लपवाछपवी करायची नाही असं ठरवलंय, म्हणून एक तपशील. छत तपासायची आमची रीत अशी: परांचीवर चढून प्रत्येक फूल लाकडी दांडीनं ठोकायचं आणि कान द्यायचा. आवाज भरीव आला तर पास, पोकळ आला तर फूल उतरवायचं. सदतीस ठोकली. जेवून आलो तर रंगाऱ्यांनी परांची काढून टाकलेली. उरलेली तीन खालून पाहिली. छान दिसत होती. रिपोर्टात चाळीस लिहिलं. सदतीस भरीव निघाल्यावर उरलेल्या तीन फुलांवर संशय घेणं म्हणजे कारागिरांचा अपमान. ती तीन नेमकी एफ रांगेच्या वर आहेत, हा योगायोग.

रविवार, १७ मे
नवा शाम्पू. खांद्यावर तरीही पांढरं. पडद्यावर गोळीबार सुरू झाला तेव्हा वर काहीतरी करकरलं. शेजारच्या आजोबांना विचारलं, ऐकलंत का? ते म्हणाले, आवाज फारच छान बसवलाय हो इथे. पटलं. साउंड सिस्टिम नवी आहे.

मंगळवार, १९ मे
डोकं तुळतुळीत करून घेतलं. न्हावी म्हणाला, कोंडा कुठाय, साहेब? न्हाव्यांना हल्ली बारकावे कळत नाहीत.

रविवार, २४ मे
डोक्यावर एक केस नाही. खांद्यावर पांढरं आहे. चिमटीत धरून चोळलं. कोंडा असा खरखरीत नसतो.
संकल्प: उद्या प्रमाणपत्र मागे घ्यायचं. नोकरी गेली तर गेली.

सोमवार, २५ मे
मॅनेजरकडे गेलो. सहज म्हणून विचारलं, तीनेक फुलं पुन्हा बघू या का? त्यांनी मला हाताला धरून तिकीटखिडकीशी नेलं. तिथे माझं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय.
“तुमची सही बघून लोक निर्धास्त बसतात, साहेब,” म्हणाले.
चहा घेऊन परत आलो. आधी आपल्या खात्यात बोलणं योग्य.

गुरुवार, २८ मे
खात्यातले वरिष्ठ रजेवर. रजेवरच्या माणसाला त्रास देणं बरं नव्हे. इकडे बायकोनं माझ्या वाढदिवसाची म्हणून रविवारची तीन तिकिटं काढली: ती, मी आणि मुलगी. तुझी लाडकी रांग मिळाली, म्हणाली. एफ तेरा, चौदा, पंधरा. संकल्प: रविवारच्या आत सगळं सांगून मोकळं व्हायचं. आधी बायकोला.

रविवार, ३१ मे, इंटरव्हल
सांगणं झालं नाही, पण हातपाय हलवले. शोच्या आधी खिडकीवर जाऊन जागा बदलून घेतल्या. आता एम रांग, बरीच मागे. बायकोला म्हटलं, पुढे बसून मान अवघडते. ती खरोखरच अवघडते. आमच्या जागा खिडकीवरच्या बाईंनी लगेच आमच्या मागे उभ्या असलेल्या कुटुंबाला दिल्या. नवराबायको आणि छोटी मुलगी. त्यांना पुढच्याच हव्या होत्या. आत बसल्यावर ती मुलगी वर बोट करून फुलं मोजत होती. चाळीस भरली.

इंटरव्हलचे दिवे लागले तेव्हा त्या मुलीची आई नवऱ्याचा खांदा झटकत होती.
“अहो, किती हा कोंडा!”
उठलो. सांगायलाच उठलो होतो. त्यांच्यापाशी गेलो, घसा साफ केला, आणि कोणता शाम्पू चांगला ते सांगितलं. दोघांनी मनापासून आभार मानले.

घंटा झाली. उत्तरार्धात तोफा आहेत म्हणे.